आप्पा, आम्हीपण टेल्कोत लागलो

पूर्व लंडन

तीर्थरूप आप्पांना,


फोनवर मी "आम्ही टेल्कोत गेलो" म्हटलं आणि तुम्ही लगेच आईला पेढे आणायला पिटाळलंत, असं ताईकडून कळलं. पेढे खाऊन टाका, पण ही टेल्को वेगळी. तुमच्या चिंचवडच्या टाटांच्या कंपनीशी हिचं दूरचंही नातं नाही. ही 'द ईस्ट लंडन कम्युनिटीज ऑर्गनायझेशन', १९९६ सालची. हिची सभासद माणसं नसतात, संस्था असतात. चर्च, मशिदी, शाळा, आणि आता आमचं भजनी मंडळ. ही टेल्को ट्रक बनवत नाही. पुढाऱ्यांना घाम फोडते.

सभासद व्हायचं की नाही, यावर मंडळाची बैठक झाली. विषय एक, चहाच्या फेऱ्या तीन. खजिनदारकाकांनी वर्गणीपासूनच सुरुवात केली. प्रत्येक संस्थेला दरसाल ऐपतीप्रमाणे पैसे भरावे लागतात, त्यातून संघटकांचे पगार निघण्यास मदत होते आणि ज्यांना जाब विचारायचा त्यांच्याच पैशांवर जगायची पाळी येत नाही. काकांनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे गणपतीची वर्गणी आपण गोळा करायची आणि चर्चमध्ये नेऊन द्यायची?" दुसऱ्या काकांना सभेत शेजारी कोण बसणार ही काळजी. तिसऱ्यांनी खडा टाकला, "यात राजकारण आहे का?" टेल्कोच्या संघटक बाई शांतपणे म्हणाल्या, "आहे. पक्ष मात्र नाही. आम्ही कुठल्याच उमेदवाराला पाठिंबा देत नाही. कायमचा मित्र नाही, कायमचा शत्रू नाही." त्यावर सेक्रेटरी पुटपुटले, "हे तर आमच्या कार्यकारिणीत पहिल्यापासून आहे." ठराव मंजूर झाला.

तुम्ही विचाराल, लाल बावटा कुठाय? १९८९ साली शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसलेले तुमच्या टेल्कोचे कामगार तुम्ही पाहिलेत. इथली रीत निराळी. उपाशी कुणीच नसतं, समोसे असतात. ही विद्या शिकागोची. १९३९ साली तिथल्या कत्तलखान्यांमागच्या वस्तीत सॉल अलिन्स्की नावाच्या ज्यू गृहस्थाने कॅथलिक चर्चना आणि कामगारांना एकत्र आणलं. पोलिश, लिथुआनियन, स्लोव्हाक, सगळ्यांची चर्चं वेगळी आणि एकमेकांशी बोलणं बेताचंच. पुण्यातल्या पेठांना समजायला अवघड जाऊ नये. पुढे याच पठडीत त्याच शहरात ओबामाही संघटक होते, हे कळल्यावर खजिनदारकाकांचा वर्गणीबद्दलचा सूर जरा मऊ झाला.

मग आमचं प्रशिक्षण. पहिला धडा म्हणजे 'वन टू वन'. एका माणसासमोर पाऊण तास बसायचं, उपदेश करायचा नाही, फॉर्म भरून घ्यायचा नाही, फक्त विचारायचं की तुम्हाला राग कशाचा येतो. आप्पा, मराठी बाईला हा प्रश्न विचारणाऱ्याने डबा बरोबर न्यावा. माझ्या वाट्याला टाळ वाजवणाऱ्या आजी आल्या. त्यांचा सगळा राग सुनेवर. सून सकाळी सहाला जाते, रात्री नऊला येते, आल्यावर बोलत नाही, भात करपवते. मी माना डोलावत होते. शेवटी विचारलं, इतका वेळ करते काय ती? सून केअरर आहे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते, औषधं देते. पगार मिळतो तो माणसाच्या घरात घालवलेल्या मिनिटांचा. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना बसमध्ये जो वेळ जातो, तो फुकट. दिवसभर घराबाहेर आणि हिशेबात निम्मेच तास. आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मला तिनं कधी सांगितलंच नाही." मग जरा वेळाने, "मी तरी कुठे विचारलं."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या बाजूने आलेल्या म्हापशाच्या बाईंना हे सांगितलं, तर त्यांच्या भाचीची तीच कथा. मशिदीतल्या शिंप्याच्या बायकोचीही तीच. भजनात इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसणाऱ्या आम्हाला ही गोष्ट ठाऊक नव्हती, आणि कुणी परकी बाई येऊन प्रश्न विचारायला शिकवते तेव्हा कळते. मला थोडा राग आला, तो वहीत लिहून ठेवला. तसा नियमच आहे.

प्रशिक्षणात जुने किस्सेही सांगतात. टेक्सासमधल्या सान अँटोनियोत गरीब मेक्सिकन वस्तीत पावसाचं पाणी घरात शिरायचं आणि निचऱ्याच्या कामांना पैसे मिळत नव्हते. १९७५ मध्ये चर्चच्या बायाबापड्या शहरातल्या मोठ्या दुकानात शिरल्या आणि कपडे घालून बघत बसल्या. विकत काहीच घेईनात. मग बँकेत रांग लावली, डॉलरची चिल्लर मागायची, चिल्लरीचे डॉलर मागायचे. शहरातली बडी मंडळी बोलायला तयार झाली. हे ऐकून आमच्या बायका खूश. दुकानातले सगळे कपडे उलगडून काहीही न घेता निघायचं आंदोलन आपण लक्ष्मी रोडवर दर लग्नसराईत करतोच की, मागणी काय ते ठरवायचं तेवढं राहून जातं.

इथल्या टेल्कोनेही कमी नाही केलं. २००१ पासून यांनी सरकारी किमान वेतनाच्या वर, खरोखर घर चालेल असं 'लिव्हिंग वेज' मागायला सुरुवात केली. बँकांच्या वार्षिक सभेत शिरण्यासाठी शेअर घेतले. तुम्ही टाटाच्या सभेला चहा-बिस्किटासाठी जायचात, हे प्रश्न विचारायला गेले. २००३ साली एचएसबीसीच्या सभेत अब्दुल डुरांट नावाचे सफाई कामगार उभे राहिले आणि अध्यक्षांना सांगते झाले की आपण दोघे एकाच इमारतीत काम करतो. पुढल्या वर्षी बँकेने सफाईवाल्यांचा पगार वाढवला. २०१० मध्ये निवडणुकीच्या तीन दिवस आधी ब्राऊन, कॅमेरून आणि क्लेग तिघेही यांच्या मातृसंस्थेच्या, 'सिटिझन्स यूके'च्या, सभेला हजर होते.

आता आमची सभा, केअररांच्या प्रश्नावर कौन्सिलच्या पुढाऱ्यांना बोलावून घेतलेली. सात म्हणजे सात. आपली माणसं सात वीसला पोचली तेव्हा सुरुवातीचा मोठा भाग होऊन गेला होता. पुढाऱ्याला हार नाही, शाल नाही. आमच्या ह्यांनी पिशवीतून नेलेला नारळ पिशवीतच राहिला. प्रत्येक वक्त्याला दोन मिनिटं, समोर घड्याळ. सेक्रेटरींचं भाषण आधी तपासायला घेतलं होतं, त्यातून ज्ञानेश्वर, शिवाजी महाराज आणि 'व्यासपीठावरील मान्यवर' काढल्यावर चार वाक्यं उरली. ती उत्तम होती.

मागणी एवढीच, की कौन्सिल ज्यांना केअरचं कंत्राट देते त्यांनी प्रवासाच्या वेळेचे पैसे द्यावेत. युनिसन युनियनने २०१२ मध्ये काढलेल्या सनदेत हे कलम आहे आणि लंडनच्या काही कौन्सिलांनी त्यावर सही केलेली आहे. पुढारी उठून म्हणाले, आम्ही सकारात्मक विचार करू. आप्पा, मला एकदम विधानभवनात गेल्यासारखं वाटलं. तर अध्यक्षस्थानी बसलेली शाळेतली हिजाबवाली मुलगी गोड हसून म्हणाली, "हो की नाही?" सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ते म्हणाले, "हो."

सगळं गोडच आहे असं नाही. ज्यावर सभासदांत भांडण होईल ते विषय चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवतात. काही वेळा मला वाटतं, बाहेर राहिलेलंच जास्त महत्त्वाचं होतं. शिवाय अलिन्स्कीने संघटित केलेली शिकागोची ती पहिली वस्तीच पुढे काळ्या लोकांना आत येऊ न देण्यासाठी एकवटली. एकी कुणाविरुद्धही करता येते. ही गोष्ट प्रशिक्षणात नव्हती, मी ग्रंथालयात वाचली आणि संघटक बाईंना विचारली. त्यांनी टाळलं नाही.

सभेनंतर सगळ्यांनी गोल उभं राहून एका शब्दात काय वाटलं ते सांगायचं असतं. कुणी म्हणालं आशा, कुणी अभिमान. खजिनदारकाका म्हणाले, "भूक."

पुढल्या महिन्यात कौन्सिलशी बैठक आहे. जो स्वतः करू शकतो त्याचं काम दुसऱ्याने करायचं नाही, हा यांचा लोखंडी नियम. म्हणून बोलणार सूनबाई, आणि नातवंडं सांभाळणार आजी. आजींनी वेळ लावून सुनेची तालीम घेतली, असं कळलं. भाताचा उल्लेख झाला नाही म्हणे.

तुमच्या सोसायटीच्या टँकरचं पत्रात वाचलं. सेक्रेटरीला नववा अर्ज लिहिण्याआधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन बसा आणि त्यांना राग कशाचा येतो ते विचारा. जेवून जा.

आईला नमस्कार.

तुमची
धाकटी