बाइटवाले भाऊ

भाऊ बोलायला बसले की वेळेचं भान राहत नाही. बाइटांचं मात्र कायम असतं. कुडवा गोंदियाला इतकं चिकटलेलं, की शहर कुठं संपलं ते कुणाला तरी विचारावं लागतं. तिथं भाऊंचं रिपेअरिंगचं दुकान. मिक्सर, मोबाइल, कृषिपंपांचे स्टार्टर, सगळं येतं. परत जातं की नाही, ते त्या दिवशी भाऊंच्या खिशात पिको आहे की नाही यावर.

पिको म्हणजे बोटाएवढा हिरवा बोर्ड. 2021 च्या जानेवारीत बाजारात आला तेव्हा किंमत होती 4 डॉलर. भाऊ त्याचं पांढरं बटन नखानं दाबून धरतात आणि यूएसबीची केबल खुपसतात. कॉम्प्युटरवर बोर्ड पेनड्राइव्हसारखा उगवतो. त्यात मायक्रोपायथनची, म्हणजे चिपमध्ये मावणाऱ्या पायथन भाषेची, फाइल टाकली की तो गडप होतो आणि पडद्यावर तीन बाण येऊन उभे राहतात. भाऊ ‘एलईडी डॉट ऑन’ टाइप करतात, दिवा लागतो. मग ते गिऱ्हाइकाकडे असे बघतात, जणू गोंदिया जिल्ह्यात आजच वीज आली. गिऱ्हाईक मिक्सरसाठी आलेलं असतं.

‘‘सी भाषेमदी काय होते जी,’’ भाऊ सुरू होतात, ‘‘एक ओळ बदलवली का पुन्हा कंपाइल करा, पुन्हा चिपमदी भरा. इथं इंटरप्रिटर चिपमदीच बसून राहिला. तुमी म्हना, तो ऐकते.’’

घरात त्यांचं इतक्या तत्परतेनं कुणी ऐकत नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

मग डेमियन जॉर्जची कथा. केंब्रिजमधल्या या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञानं 2013 मध्ये पायथनला चिपमध्ये बसवण्यासाठी इंटरनेटवर वर्गणी काढली. मागितले 15 हजार पौंड, जमले 97 हजारांवर. भाऊ हा आकडा सांगतात तेव्हा गल्लीतल्या गणपती मंडळाच्या पोरांकडे मुद्दाम बघतात.

पण त्यांचा खरा जीव मेमरीत. पिकोची रॅम 264 केबी, म्हणजे 2,70,336 बाइट. बँकेचं पासबुक वर्षानुवर्षं भरून न आणणारा हा माणूस दर दहा मिनिटांनी बोर्डाला ‘मेम फ्री’ विचारतो आणि शिल्लक आकडा वहीत मांडतो. पंपाच्या छोट्या स्क्रीनवर ‘पाणी संपले’ असं दाखवा म्हटलं, तर कळवळले. ‘‘रोमन अक्षराले एक बाइट लागते, देवनागरीले तीन. काना-वेलांटी धरून एकट्या ‘पाणी’चे बारा झाले! मराठी लय महाग आहे जी.’’ हे समजावताना गेलेला पाऊण तास त्यांच्या हिशेबात फुकट.

मायक्रोपायथनमध्ये नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी सोय असते, तिला ते ‘कचरावाला’ म्हणतात. वहिनींनी एकदा दारातून विचारलं, ‘‘तुमचा तो चिपमदला कचरा उचलते, दुकानातला कोन उचलीन?’’ भाऊंनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

एका इंजिनिअरिंगच्या पोरानं डिवचलं, की इंटरप्रिटर सीच्या मानानं फार हळू चालतो. तो चालतोच. भाऊ शांतपणे म्हणाले, ‘‘लाइन आल्यावर मोटर चालू कराले तीस सेकंद थांबाचं आहे. सीमदी तीस सेकंद वीसमदी होते का?’’ या युक्तिवादाला उत्तर मला तरी सुचलेलं नाही.

ही मोटर एका धानवाल्या मामांची. रोवण्याच्या दिवसांत थ्री-फेज रात्री-बेरात्री येते. बांधीला पाणी लावायला कोण जागणार? बाजारात तयार ऑटो स्विच मिळतो, तो लाइन आली की मोटर चालू करून मोकळा होतो. भाऊंना तो अडाणी वाटतो. त्यांनी पिको लावला, रिले लावला, मेन डॉट पाय नावाची फाइल चिपमध्ये ठेवली. वीज गेली, पुन्हा आली, की बोर्ड स्वतःच उठून ती फाइल चालवतो. मग तीस सेकंद थांबायचं, तिन्ही फेज तपासायच्या, मगच मोटर. चाललं, आणि उत्तम चाललं. भाऊ आठवडाभर त्याच बांधीच्या धुऱ्यावर सापडत होते.

आठव्या दिवशी मामा दुकानात आले. चहा झाला. ‘‘भाऊ, मस्त बनवलं जी,’’ मामा म्हणाले, ‘‘फक्त येक बटन लावून द्या. हातानं चालू-बंद करता आली पायजे.’’

ते बटन सरळ स्टार्टरला जोडलं असतं तर दोन तारांत भागलं असतं. भाऊंनी ते पिकोला जोडलं आणि त्याच्यासाठी चौदा ओळी लिहिल्या. व्हेरिएबलचं नाव ठेवलं ‘बी’. ‘बटन’ ठेवलं असतं, पण त्याला जागा लागते.