फायरवॉलच्या राखणदारांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय फायरवॉल-व्यवस्थापक,
संगणक विभाग (दालनावर पाटी नसल्याने नाव घातलेले नाही)

विषय : आमच्या फायली मुंबईला जाऊ न दिल्याबद्दल जाहीर आभार

महोदय,
सा. न. वि. वि.

परभणी शाखेतली जुनी दप्तरे स्कॅन करून मुंबईच्या सर्व्हरवर चढवा, असा वरून हुकूम आहे आणि तो आम्ही इमानाने पाळतो. लॉग-इन होते. तिकडच्या फोल्डरांची यादी दिसते. दहा ओळींचे टिपण चुटकीसरशी पोचते. दप्तराची मोठी फाइल सोडली की मात्र टक्के जरा पुढे सरकतात, मग थिजतात आणि फाइल पाठवणाऱ्या एससीपीच्या शेवटच्या रकान्यात ‘स्टॉल्ड’ उमटते. सरकलेले ते टक्केही पोचपावती नव्हेत. तेवढी फाइल आमच्याच संगणकाने स्वतःच्या बफरमध्ये ओतलेली असते.

कार्यालयाने सगळे तोडगे केले. राउटर बंद करून चालू केला. रात्री गर्दी नसताना पाठवून पाहिले. तुटलेली फाइल पुढून चालू करणारे आरसिंक लावले, तेही त्याच उंबऱ्याशी बसले. शिपाईमामा म्हणाले, “फाइल लई जड हाय सायेब, दोन खेपात धाडा.” खेपा केल्या, प्रत्येक खेप अडकली. अखेर पेनड्राइव्ह देवगिरी एक्स्प्रेसने गेला आणि फाइलच्या आधी मुंबईला पोचला. रेल्वेची ही प्रतिष्ठा आपल्यामुळे वाढली, हे नमूद करतो.

तरीही आम्ही कारण शोधत बसलो, याबद्दल क्षमा असावी. मुंबईची डिस्क भरली असती तर सर्व्हरने तसे सांगितले असते. परवानगी नसती तर तेही सांगितले असते. वायर सैल असती तर टिपणेही अडखळली असती. इथे लहान सगळे जाते, मोठे काहीच जात नाही आणि कुणी बोलत नाही. या मौनावरूनच आपला पत्ता लागला.

आमचा संगणक १५०० बाइटांची पाकिटे बांधतो, ती इथरनेटची जुनी रीत. पुढे फायबरचा मोडेम पीपीपीओई पद्धतीने जोडलेला आहे. ती पद्धत प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी ठेवते, मालाला उरतात १४९२. टिपणाचे पाकीट लहान, ते निघून जाते. दप्तराची पाकिटे काठोकाठ भरलेली, वर ‘तुकडे करू नयेत’ असा शिक्का. कापसाने शिगोशीग भरलेला ट्रक रेल्वे फाटकाच्या उंचीच्या कमानीशी यावा, तशी त्यांची गत होते.

मोडेम मात्र सभ्य आहे. तो पाकीट टाकतो आणि उलट टपाली कळवतो : ‘माल मोठा आहे, १४९२ मध्ये बसवा.’ हा निरोप आयसीएमपीचा, प्रकार ३, संकेत ४. निरोप मिळाला की संगणक पाकिटे लहान बांधतो आणि वाहतूक सुरू होते. ही शहाणी व्यवस्था १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेट-दस्तऐवजात लिहिलेली आहे. पण मोडेम आणि आमचा संगणक यांच्या मधोमध आपण विराजमान आहात, आणि आपला नियम एका ओळीचा : आयसीएमपी दिसला की गिळावा. संगणक बिचारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो, मग दुप्पट थांबून पुन्हा, मग त्याच्या दुप्पट. नकार कळला असता तर त्याने माप बदलले असते.

आपली भीती हवेतली नव्हती, हे मान्य. १९९६-९७ मध्ये ‘पिंग ऑफ डेथ’ने भलेभले संगणक कोसळवले, त्या धास्तीने अनेकांनी पिंगसोबत सगळा आयसीएमपीच गाडून टाकला. ते संगणक भंगारात गेले, नियम शाबूत राहिला. अशा निरोप गिळणाऱ्या वाटांना जाणकार ‘ब्लॅक होल’ म्हणतात, आणि २००० सालच्या आरएफसी २९२३ मध्ये या दुखण्याची रीतसर नोंद आहे.

पिंगही आपणच बंद केल्यामुळे पाकिटाचे माप घेणे जमेना. म्हणून संगणकाचाच एमटीयू, म्हणजे पाकिटाचे कमाल माप, तात्पुरता १४०० केला. फाइल सुसाट गेली. १४९२ केला, तरी गेली. १५०० केला, पुन्हा स्टॉल्ड. म्हणजे सारा पेच ८ बाइटांचा.

आमच्याकडे अभिमानाने म्हणतात, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ जर्मनीतल्या डीएसएलवरही पीपीपीओई आहे, तिथेही १४९२ चेच माप. तिकडे कुणी हा निरोप गिळत असेल, तर अभिनंदनाच्या ठरावात त्याचेही नाव घालू.

मागण्या मोजक्या आहेत :

१. प्रकार ३, संकेत ४ एवढ्या निरोपाला आत येऊ द्यावे. बाकी आयसीएमपीवर आपला राग कायम ठेवावा.

२. ते नको असेल तर मोडेमवर किंवा आपल्या दारात ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ लावावे, म्हणजे दोन्ही टोके सुरुवातीलाच, पाकिटाची शीर्षके वगळून, १४५२ बाइटांच्या मालावर राजी होतील.

३. आयपीव्ही६ आणाल तेव्हा ही सवय घरी ठेवून यावे. तिथे वाटेवरचे राउटर पाकिटाचे तुकडे करतच नाहीत, सगळी भिस्त ‘पॅकेट टू बिग’ या निरोपावर असते. तो अडवू नये, असे २००७ चा आरएफसी ४८९० सांगतो.

प्रत्येक संगणकाचा एमटीयू हाताने घटवा, असा सल्ला आपण द्याल. तो आम्ही पाळू, पण उद्या नवा संगणक आला की तो पुन्हा १५०० च बांधणार आणि त्याचा मालक पुन्हा राउटरच बंद-चालू करणार.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रांगेत थांबलेला एक कारकून

ता. क. : मागण्या नामंजूर असतील तर तसे स्पष्ट कळवावे. उत्तर आले नाही, तर हेच पत्र दर वेळी दुप्पट दिवस थांबून पुन्हा पाठवत राहीन.