काका कोणत्या साली गेले?

सुट्टीत न्यू जर्सीला काका-काकूंकडे निघालेल्या मुलीला सल्ल्यांचा तोटा नसतो. थंडी किती, डॉलर किती, भाजणी कितीची न्यायची, सगळ्याची चर्चा होते. कपड्यांचा विषय मात्र एकाच वाक्यात मिटतो: ‘जरा नीट राहा हं तिकडे, ते लोक जुन्या वळणाचे आहेत.’ अमेरिकेतले जुन्या वळणाचे आणि कोथरूडमधले नव्या, यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. वाटू नयेच, कारण ते खरं आहे. फक्त त्याचं कारण कुणी शोधत नाही आणि मग बिचारी मुलगी बॅगेत काय भरावं याचा अंदाज हवामानाच्या ॲपवरून बांधते. ॲप तापमान सांगतं, भुवया किती वर चढतील ते सांगत नाही. त्यासाठी एकच माहिती लागते: काका अमेरिकेला कोणत्या साली गेले? साल कळलं की बाहीची लांबी, गळ्याची खोली आणि ओढणीची गरज त्रैराशिकाने काढता येते.

परदेशी गेलेली संस्कृती ही इंडियन स्टोअरच्या फ्रीझरमधल्या पुरणपोळीसारखी असते. चव बरीचशी टिकते, पण पाकिटावर पॅकिंगची तारीख असते. 1965 साली अमेरिकेने आपला कायदा बदलला, देशानुसार ठरवलेले जुने कोटे काढून टाकले आणि त्या उघडलेल्या दारातून आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनीअर आत गेले. 1972 च्या सुमारास गेलेल्या काकांच्या मनातली पुण्याची मुलगी अजून साडी नेसून, छातीशी वह्या धरून कॉलेजला चालली आहे. दरम्यान पुण्यात तिची मुलगी पंजाबी ड्रेस घालून स्कूटरवरून गेली, नात फाटकी जीन्स घालून ॲप-टॅक्सीने गेली. पण काकांना हे कुणी रीतसर कळवलं नाही. 1999 मध्ये वायटूकेच्या लाटेवर गेलेल्या मावशींकडे पंजाबी ड्रेस चालतो, पण ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनेने टाचलेली हवी. 2016 नंतर गेलेल्या चुलतभावाला कपड्यांशी देणंघेणं नसतं. पाहुणे किती दिवस राहणार आणि पोळ्या लाटता येतात का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

आता कुणी म्हणेल, हा सगळा सालांचा घोळ कशाला? शालीनता म्हणजे अंग झाकणं, ते कोणत्याही साली सारखंच. हा आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, पण इंचपट्टी हातात घेतली की टिकत नाही. जीन्स घोट्यापर्यंत सगळं झाकते आणि तरी ती उच्छृंखल. साडीत पोट आणि अर्धी पाठ उघडी राहते आणि तरी ती शालीन. लेगिंग्ज कातडीला चिकटून बसते, पण वर कुर्ता असला की देवघरातही चालते. घरातल्या घरात घालायचा गाऊन, ज्याच्यात माणूस उशीच्या अभ्र्यात शिरल्यासारखा दिसतो, तो तर वर ओढणी टाकली की दूधवाल्यासमोरही सभ्य ठरतो. झाकल्या-उघड्याचा हिशेब असता तर या यादीला काही तर्क सापडला असता. सापडतो तो एवढाच, की ज्या कपड्यावरून भांडण होऊन तीस-चाळीस वर्षं उलटली, तो शालीन. कधीकाळी पाचवारी गोल साडीवरून घराघरांत कुरकुर झाली होती, कारण त्या बाईने काष्टा सोडला होता, म्हणजे धर्मकृत्याला ती अपात्रच. आज तीच साडी परंपरेचं प्रतीक म्हणून मंडळाच्या गणपतीत मिरवते. ब्लाउज-परकरावर साडी नेसण्याची रीत ठाकूर घराण्याच्या सूनबाई ज्ञानदानंदिनी देवींनी 1860 च्या दशकात आपल्याच मुंबईत पारशी स्त्रियांकडून उचलली आणि बंगालात नेली. त्या काळी ती नवी फॅशन होती. पंजाबी ड्रेससाठी तर 80 च्या दशकात आपल्या सुनांना सासूबाईंची परवानगी काढावी लागे. आज सासूबाईच फिरायला जाताना तो घालतात, खाली स्पोर्ट शूज.

न्यू जर्सीपुरतं बोलायचं तर याहून भक्कम पुरावा आहे. 1883 साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या आणि सुरुवातीला उतरल्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटरबाईंच्या घरी. कपड्यांचा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि त्या काळच्या अमेरिकन नजरेला पोटरी दिसणं म्हणजे अनर्थ, शिवाय थंडी. म्हणून आनंदीबाईंनी गुजराती वळणाने साडी नेसायचं ठरवलं. म्हणजे अमेरिकेत कपड्यांनी संकोच आणला तो आपल्या सर्वांत सोज्ज्वळ, सर्वांत सोवळ्या पोशाखाने. आज त्याच राज्यात, एडिसनच्या ओक ट्री रोडवर शिवलेली नऊवारी घालून गेलात तर अमेरिकन माणूस ढुंकून पाहणार नाही आणि काकूंच्या डोळ्यांत पाणी येईल. कापड तेच, पोटऱ्या त्याच. बदलला तो फक्त न्यायाधीश.

आणि या न्यायाधीशबाई स्वतः काय घालतात? काकू ऑफिसला पँट-सूट घालतात, कॉस्टकोत जीन्स घालून डाळींची पोती उचलतात, जुलैत अंगणातल्या बार्बेक्यूला बिनबाह्यांचा टॉपही घालतात. ‘इथे राहायचं म्हणजे करावं लागतं गं,’ या एका वाक्यात त्यांना माफी असते. पुतणीला नसते, कारण पुतणी तिथे राहायला आलेली नसते, साक्ष द्यायला आलेली असते. गेली वीस वर्षं तिथल्या मुलांना सांगितलं गेलं आहे की इंडियातल्या मुली अशा नसतात, त्या मोठ्यांच्या पाया पडतात आणि अंगभर कपडे घालतात. आता खुद्द इंडियातून मुलगी आली आणि तिचा खांदा उघडा निघाला, तर खटला तिथेच संपला. विमानतळावर मुलं आधी तिच्याकडे बघतात, मग आईकडे. तेव्हा काकू पुतणीच्या शीलाची काळजी करत असतात असं समजू नये. त्या आपला पुरावा सांभाळत असतात.

हे एकदा लक्षात आलं की नटणं आणि निभावणं दोन्ही सोपं होतं. साक्षीदाराने उठावदार दिसायला हरकत नसते, साक्ष फिरवायला असते. म्हणून खण. गुळेदगुड्ड्याच्या मागांवरचं हे कापड गेल्या काही वर्षांत कुर्ता, जॅकेट, स्कर्ट अशा सगळ्या अवतारांत आलं आहे. त्याचा तोकडा कोट जीन्सवर घातला तर पुतणीच्या लेखी तो इंडो-वेस्टर्न आणि काकूंच्या लेखी आजीच्या चोळीचं कापड. दोघी खूश. बिनबाह्यांचा कुर्ता घेतलात तर त्याच्या आत टाचून दिलेल्या सुट्या बाह्या फेकू नका. भारतीय वस्त्रोद्योगाने वधूवरांच्या पसंतीपासून व्हिसाच्या मुलाखतीपर्यंत सर्व शक्यतांचा विचार करून ठेवला आहे, याचा तो पुरावा. मुंबईच्या विमानतळावर बाह्या आत, नेवार्कला बाहेर. स्टोल एक हवाच: एसी फार आहे म्हणून घेतला असं सांगता येतं, आणि एसी खरोखरच फार असतो. जानेवारीत गेलात तर कसलाच प्रश्न नाही. त्या थंडीत सगळे स्लीपिंग बॅगेसारखेच दिसतात.

याला गंभीर उत्तर देणारेही आहेत आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, ज्यांनी परक्या मुलखात साडी आणि कुंकू जपलं त्यांची टिंगल सोपी आहे. खरं आहे. 1987 साली जर्सी सिटीत भारतीयांवर हल्ले करणाऱ्या टोळीने स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवून घेतलं होतं. कपाळावरची टिकली हीच त्यांची खूण होती. त्या वर्षी त्या शहरात कुंकू लावून बसची वाट पाहणाऱ्या बाईने जे केलं ते पुण्यात पैठणी नेसून लग्नाला जाण्याइतकं स्वस्त नव्हतं. तिला संस्कृतीबद्दल चार शब्द सुनावण्याचा अधिकार आहे आणि ते मान खाली घालून ऐकावेत. पण त्या धैर्याची किंमत तिने स्वतः मोजली होती आणि स्वतःच्या कपाळाने मोजली होती. तिचं कुंकू जमावाच्या मर्जीविरुद्ध होतं. पुतणीने बाही लांब करायची ती जमावाच्या मर्जीखातर, फक्त जमाव घरचा. दोन्हींना परंपरा हाच शब्द लावला की पहिलीचं मोल उगाच कमी होतं.

दुसरा आक्षेप: ज्याचं घर त्याचा नियम. हाही मान्य. नियम दारावर लिहिलेला असेल तर प्रश्नच मिटतो. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने जानेवारी 2025 मध्ये कपड्यांचे नियम जाहीर केले. पटोत न पटोत, तोकडा स्कर्ट घालून रांगेत उभं राहायचं की नाही हे भक्ताला घरीच कळतं. काकांच्या दारावर फक्त ‘सुस्वागतम्’ असतं. नियमांचा पत्ता लागतो तो तिसऱ्या दिवशी, तोही थेट नाही. काकू पुण्याला फोन करतात, पुण्याहून आई मुलीला फोन करते, आणि एका खोलीतून शेजारच्या खोलीत जायचा निरोप दोनदा समुद्र ओलांडून पोचतो. त्यापेक्षा निमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहावं: बाही कोपरापर्यंत, गुडघे झाकलेले, शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाला साडी. आपण परदेशी जाताना व्होल्टेज विचारतो आणि प्लगचा आकार विचारतो. हे विचारायला काय हरकत आहे?

हे लिहून देण्यात एकच अडचण आहे. लेखी नियम काढला की तो पुरुषांनाही लागू होण्याचा धोका असतो, आणि काकू हे सगळं बोलत असताना काका शेजारच्या सोफ्यावर गुडघ्याच्या वर संपणाऱ्या बर्मुड्यात, मांडी घालून, बातम्या बघत बसलेले असतात. तुळजापूरला भवानीमातेच्या मंदिरात मे 2023 मध्ये असा समन्यायी प्रयत्न झाला होता: असभ्य वस्त्रांच्या जोडीने हाफ पँट आणि बर्मुडावाल्यांनाही प्रवेश नाही, असे फलक लागले. त्याच दिवशी ते मागे घेण्यात आले. जिथे देवस्थानाला बर्मुडा एक दिवस रोखता आला नाही, तिथे काकूंनी काकांना काही सांगावं अशी अपेक्षा कोणत्याही सालच्या माणसाने करू नये.