चुरगाळून बघितलंत का?

सोलापूरच्या माणसाबरोबर एकदा चाटी गल्लीत टॉवेल घ्यायला जाऊन बघा. जरा सवड काढून जा. दुकानदार टॉवेल पुढ्यात टाकतो. आपला माणूस तो आधी चिमटीत धरून चोळतो. मग मुठीत चुरगाळून सोडतो. मग दुकानाच्या दारापर्यंत जाऊन उजेडात धरतो, काठ उलटा करून शिलाई बघतो, एखादा दोरा ओढतो. रंग जाईल का, हे मराठीत विचारतो. ‘गॅरंटी’ असं उत्तर आलं की तोच प्रश्न तेलुगूत विचारतो, कारण घरच्या भाषेत माणूस सहसा खोटं बोलत नाही असा त्याचा हिशेब. एवढं होऊन तो शेजारच्या दुकानात शिरतो. सगळा मामला दीडशे रुपयांचा.

आता हाच माणूस टॉवेल काखेत मारून बाहेर येतो, स्कूटरवर बसतो आणि किल्ली फिरवायच्या आधी खिशातून मोबाइल काढतो. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोनं जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवलंय, असं त्यावर आलेलं असतं. युनेस्कोनं असलं काही केलेलं नाही, पण याला ते मनापासून पटतं. चोळणं नाही, चुरगाळणं नाही. उजेडात धरावं असं तर मनातही येत नाही, कारण मोबाइलला स्वतःचाच उजेड असतो. पाच ठिकाणी पाठवून झाल्यावर मग स्कूटर चालू.

हा माणूस म्हणजे आमचे शेजारचे अण्णा. (मीसुद्धा, पण सदर माझं असल्यामुळे अण्णांना पुढं करतो.) अण्णांचं आयुष्य शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर गेलं. नुसत्या खडखडाटावरून कुठल्या मागाचा धोटा अडकला ते सांगायचे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे आणि नोट जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी सिग्नल येतो, असा संदेश फिरला. तेव्हा अण्णांनी पहिली नोट हाती आल्यावर ती चुरगाळली नाही. चिप मोडेल म्हणून.

खरं तर नकली मालाबद्दल सोलापूरला कुणी शहाणपण शिकवायचं कारण नाही. डीपफेक हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून पानिपतात विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून देशभर खपते आहे. मराठ्यांचं पानिपत १७६१ मध्ये एकदाच झालं, आमच्या चादरीचं रोज होतं. त्यावर उपाय म्हणून भौगोलिक मानांकन घेऊन झालं. तरीही लग्नाच्या आहेरात आलेली चादर उलगडून कोपऱ्यातलं लेबल बघणारी एखादी आत्या आमच्याकडं घरटी असतेच. ती लेबलावरही विश्वास ठेवत नाही, वजन बघते. मग मोबाइलवर आलेल्या गोष्टीचं वजन बघायचं हिला का सुचत नाही, हे कोडं मला बरेच दिवस छळत होतं.

गंमत अशी की या सगळ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं आजोळ आमच्या गल्लीतच आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी उठते ती जकार्डवर. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथं दोरा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. आहे किंवा नाही, बस्स. जोसेफ मारी जकार नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १८०४ च्या सुमारास हा खटाटोप केला. पुढं इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी त्याच पुठ्ठ्यांची युक्ती उचलली आणि अडा लव्हलेस या विदुषीनं १८४३ मध्ये लिहून ठेवलं की माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणित विणेल. म्हणजे संगणकाची वंशावळ काढायला बसलात तर दोन-चार पिढ्यांत तुम्ही मागाच्या खड्ड्यात येऊन पडता.

हे मी अण्णांना मोठ्या थाटात सांगितलं. अण्णा सुपारी कातरत म्हणाले, “कार्ड उलटं लागलं की मोराची शेपूट तोंडाकडं येती. मागाला काय कळतंय ओ? तो तसाच विणत बसतो. शहाणपण कार्ड पाडणाऱ्याचं.” एआयवरच्या एका चर्चासत्रात मी दोन तास आणि एक थंड समोसा सोसला होता, तिथं हे एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं. बोलून झाल्यावर अण्णांनी मला एक फॉरवर्ड दाखवला. कांद्याची फोड पायमोज्यात ठेवून झोपलं की रक्त शुद्ध होतं म्हणे.

तर ही बुद्धिमत्ता आता गल्लीत राहायला आली आहे. सकाळी साडेपाचला उगवत्या सूर्यासमोर कमळ आणि कमळात चहाचा कप, हे चित्र पूर्वी कुणीतरी कुठंतरी शोधून काढायचं. आता यंत्र रोज नवं करून देतं. माणसाचे कष्ट वाचले, फक्त ते चित्र बघणाऱ्याचे वाचले नाहीत. आमच्या गल्लीच्या गटावर मागं एक दुःखद बातमी आली. अर्ध्या तासात चाळीस जणांनी श्रद्धांजली वाहिली आणि त्यातल्या सव्वीस जणांच्या आयुष्यात एकाच मापाची ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ निर्माण झाली. सत्ताविसाव्यानं घाईत यंत्राची शेवटची ओळही उचलून चिकटवली. हवं असल्यास हाच मजकूर अधिक भावपूर्ण किंवा थोडक्यात करून देऊ शकतो, असं त्यात होतं. खाली अकरा जणांनी हात जोडले. अण्णांना तर गहिवरून आलं. “माणूस बघा किती नम्र हाय. रडायलाय, पण विचारून रडायलाय.”

फ्लेक्सचा धंदा तर पारच पालटला. पूर्वी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेबांचा चष्मा लावलेला एकच फोटो असायचा, वीस वर्षांपूर्वीचा. आता एका भावी नगरसेवकाच्या फ्लेक्सवर यंत्रानं त्यांना सिंहावर बसवलं आहे. मागं सिद्धेश्वर तलाव, तलावामागं मंदिराचं शिखर आणि शिखरामागं बर्फाचे डोंगर. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असताना त्या फ्लेक्सखाली लोक नुसते गारव्यासाठी उभे राहायचे. जोडलेल्या दोन्ही हातांची बोटं मी मोजली, अकरा भरली. कार्यकर्त्याच्या नजरेला आणून दिलं, तर तो म्हणाला, “असू दे की. मतदानाची शाई लावायला एक जास्तीचं.”

यंत्राला आमची बोली येते का, म्हणून एकदा परीक्षा घेतली. अस्सल सोलापुरी भाषेत मित्राला चार ओळी लिहून दे म्हटलं. त्यानं लिहिलं की मित्रा, चल, आज आपण शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा आस्वाद घेऊया. आस्वाद! आमच्याकडं कडक भाकरी मोडायला दात लागतात, आस्वाद घ्यायला वेळ कुणाकडं आहे? वाक्यात ‘बे’ नाही ही चूक दाखवली, तर पुढच्या खेपेला प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘बे’ टाकून दिलं. ‘बे’ कुठं लावायचं, कुणाला लावायचं आणि कुणाला लावलं की मार बसतो, हे कळायला सात रस्त्याला एक जन्म काढावा लागतो. बिचाऱ्याला तो दोनाचा पाढा वाटला असणार.

भविष्य सांगणाऱ्या यंत्राचं मात्र इथं कुणाला अप्रूप नाही. दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं, शंभराहून अधिक वर्षं झाली. त्यात निदान गणित खरं असतं.

या सगळ्या खोट्याच्या महापुरात एक चित्र आलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये. एका चेकचा फोटो. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला, किलोला एक रुपया भाव मिळाला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता ५०९ रुपये ५१ पैसे कापले गेले आणि दोन रुपये ४९ पैसे उरले. त्याचा दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. अण्णांनी चष्मा लावून फोटो मोठा केला, उलटा केला, तारीख वाचली, सहीकडं बघितलं. “हे कंप्युटरवर केलंय,” त्यांनी निकाल दिला. “दोन रुपयाचा चेक कोण फाडंल ओ? चेकच्या कागदाला जास्ती पैसे पडतात.”

म्हणजे अण्णांनी जन्मात पहिल्यांदा एक फॉरवर्ड चुरगाळून बघितला आणि नेमका तोच खरा निघाला.

५१२ हा संगणकवाल्यांचा लाडका आकडा आहे. दोनाला दोनानं गुणत गेलं की वाटेत लागतो. व्हॉट्सअॅपच्या एका गटात पूर्वी २५६ माणसं मावायची, २०२२ मध्ये ५१२ मावू लागली, त्याच वर्षी १०२४. कांद्याचा भाव सोडून सगळं दुप्पट होत गेलं.

आणि एक आकडा पाच. तो हसत सांगता येत नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी फिरत तिथं पोचले. त्यातले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले, इथून तास-दीड तासाच्या वाटेवरचे. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश तेव्हा घराघरांतल्या मोबाइलवर फिरत होते. यांच्यातला कुणीतरी एका लहान मुलीशी बोलला. एवढं पुरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावानं पाचही जणांना ठार मारलं. काहींचे हात मारत होते, काहींचे मोबाइल धरून उभे होते.

त्या काळात देशभर फिरलेली मुलं पळवण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतली होती. मुलांना सांभाळा असं सांगणारी जाहिरात. मोटारसायकलवाला मूल उचलतो आणि शेवटी परत आणून सोडतो, मग हातात फलक धरतो. फिरवणाऱ्यानं तो शेवट कापून टाकला. तेव्हा आजच्यासारखं एआय कुणाच्या हाती नव्हतं. कात्री पुरली.

व्हॉट्सअॅपनं त्याच महिन्यात अफवा ओळखण्याच्या युक्त्या प्रसिद्ध केल्या. कुठं? वर्तमानपत्रात, पानभर जाहिराती देऊन. म्हणजे लोकांना काही खरं सांगायचं तर शाईनं कागदावर छापावं लागतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. शिवाय भारतापुरती मर्यादा घातली. एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल. पाच माणसं गेली आणि आकडा ठरला पाच. योगायोग आहे, मला कळतं. पण अण्णा स्कूटरवर बसून अंगठा पाच वेळा दाबतात तेव्हा माझं लक्ष प्रत्येक वेळी त्या अंगठ्याकडं जातं. तेव्हाच्या हिशेबानं पाच गट, प्रत्येकी २५६ माणसं, म्हणजे एका बैठकीत १२८०. एवढ्या लोकांपर्यंत पोचायला पूर्वी दवंडीवाल्याला गाव पालथं घालावं लागायचं, आणि खोटी दवंडी दिली तर लोक त्याचं घर ओळखत असत.

अण्णांना मी राईनपाड्याचं हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सुपारी तशीच अडकित्त्यात राहिली. “ते व्हिडिओ माझ्याकडं आलता,” शेवटी म्हणाले. मी पुढं विचारलं नाही.

परवा रात्री पावणेतीनला गल्लीच्या गटावर संदेश आला, ‘पाणी सुटलं.’ आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि नेमकी वेळ चावीवाल्याच्या मनात. एरवी काहीही आलं की पुढं ढकलणारा आमचा गट त्या संदेशावर मात्र गप्प झाला. कुणी हात जोडले नाहीत, कुणी फुलं पाठवली नाहीत, कुणी पाच ठिकाणी फॉरवर्ड केलं नाही. फक्त घराघरांतले दिवे लागले. कड्या वाजल्या, घागरी आणि बॅरल सरकवल्याचे आवाज आले, कुणीतरी टिल्लू पंपाची पिन खोचली. प्रत्येक जण आपापल्या नळाशी.

अण्णा लुंगी-बनियनवर ओट्यावर उकिडवे बसले होते. त्यांनी तोटी सोडली, खाली तळहात धरला आणि कान नळाजवळ नेला. नळानं फुस्स केलं. आणखी थोडं थांबून पुन्हा फुस्स केलं आणि गप्प झाला.

मी आत येऊन आडवा झालो, तेवढ्यात मोबाइल वाजला. गटावर अण्णांचा संदेश होता. फुलाशिवाय, सूर्याशिवाय, एकेक अक्षर स्वतःच्या बोटानं दाबून लिहिलेला:

‘हात लावून बघितलो. नुसती हवा हाय.’