युतुख आणि शेवटचा मुद्दा

पाळकसाहेब, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 पुन्हा एकदा वाचावा. त्रोवसच्या माडीवर पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खिडकीत बसलेला युतुख पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळला. लोकांनी उचललं तेव्हा तो मेलेला होता. पौलाने खाली उतरून त्याला कवटाळलं, तो जिवंत निघाला. मग पौल वर गेला, भाकर मोडली आणि थेट पहाटेपर्यंत बोलला. यातला पहिला आणि शेवटचा भाग आमच्या पाळकांना पुरता साधला आहे. मधल्या कामाचा सराव अजून व्हायचा आहे. तोवर उपासना तळमजल्यावर घेतलेली बरी.

पोप फ्रान्सिस यांनी 2024 मध्ये प्रवचनाला 8 मिनिटांची मर्यादा सुचवली. त्यापुढे लोक झोपतात, असंही सांगितलं. पण ते कॅथलिकांचे पोप होते, आपण प्रोटेस्टंट! धर्मसुधारणेचा असाही उपयोग होईल हे ल्यूथरला सुचलं नसावं.

तक्रार गाण्यांची नाही. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि भजनं दिली. ती गाताना कोणी घड्याळ पाहत नाही. घड्याळाकडे नजर जाते ती 'आता शेवटचा मुद्दा' हे ऐकल्यावर. त्यानंतर अजून तीन मुद्दे येतात, हे संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ आहे.

तेव्हा येत्या रविवारी एकच मुद्दा मांडा, आमेन म्हणा आणि बसा.