एका कानाचे नाना

नगर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत आणि चौदाही तालुक्यांत नाना आहेत. 2024 साली जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, नानांच्या कानातली वायर मात्र तीच राहिली. अकोल्यात भातखाचराच्या बांधावर, राहुरीत उसाला पाणी देताना, शेवगावात कपाशीच्या सरीत, श्रीगोंद्यात लिंबाच्या बागेत, जामखेडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना, नाना कुठंही सापडतात. कुठं त्यांना आबा म्हणतात, कुठं भाऊ. (अण्णा म्हणायची सोय नाही, ते नाव राळेगणसिद्धीनं अडवून ठेवलंय.) आपण नाना म्हणू.

वय साठीच्या अलीकडं-पलीकडं. डोक्याला टोपी, अंगात सदरा, सदऱ्याच्या खिशात मोबाइल आणि खिशातून निघून उजव्या कानात शिरलेली एक वायर. ती मूळची पांढरी होती, असं जुनी माणसं सांगतात. दोन जागी काळी चिकटपट्टी आहे, एका जागी सुतळी. सुतळी का, हे कुणी विचारत नाही. डावं बोंड छातीवर लोंबत असतं. ते मरून बरीच वर्षं झाली, पण नानांनी कापून टाकलेलं नाही. ‘असू दे, कामाला येतंय.’ काय कामाला, ते पुढं कळेल. पिन खिशात एका ठरावीक कोनात बसली तरच आवाज येतो आणि तो कोन फक्त नानांना ठाऊक आहे. त्यामुळं ऐकताना ते उजव्या अंगाला जरा कललेले असतात. परगावचे पाहुणे पाठीत चमक भरली का म्हणून विचारतात.

गाव पाठीमागं त्यांना वायरमन म्हणतं. खरा वायरमन बोलावून येत नाही, हे न बोलावता येतात, एवढाच काय तो फरक.

नवी वायर घ्यायची वेळ येते तेव्हा नानांना बघावं. घोडेगावच्या बाजारात बैल पारखावा तशी ते वायर पारखतात. आधी लांबून बघतात, जणू घ्यायचीच नाही. मग पिनेला लागून जिथं वायर सुरू होते ती मान दोन बोटांत धरून वाकवून बघतात, कारण वायर मरते ती तिथंच. हे त्यांना अनुभवानं ठाऊक आहे आणि इंजिनिअर लोकांना शिकून. मग बोंड कानात घालून डोळे मिटतात. दात तेवढे मोजायचे राहतात. नगरच्या माळीवाडा स्टँडबाहेर वायरी विकणारा पोरगा एकदा कंटाळून म्हणाला, ‘नाना, वायरी आता म्हातारी माणसं घेतात. हे ब्लूटूथ बघा.’

नानांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं. ‘हे खातंय काय?’

‘चार्जिंग लागतं. तासाभरात फुल होतंय.’

‘म्हंजी रोज वैरण. आन वायरीला?’

‘वायरीला कशाला?’

‘मग झालं तर!’ म्हणून नानांनी वायरीच्या किमतीतले आणखी दहा रुपये कमी करून मागितले.

पुण्याला कंपनीत असलेला नानांचा मुलगा हे सगळं बापाला शास्त्र सांगून पटवायला बघतो. वायरमधून वीजच कानापर्यंत जाते आणि बोंडातला पडदा हलवते, बाकी काही भानगड नाही. ब्लूटूथमध्ये आवाजाचे आकडे होतात, ते आकडे दाबून लहान करतात, हवेतून पाठवतात, कानाशी पुन्हा उलगडतात. या उलगडण्यात क्षणभर उशीर होतो. नानांनी मुलाच्या ब्लूटूथवर एकदा कीर्तनाचा व्हिडिओ बघितला, तर टाळकऱ्याचे टाळ आधी मिटले आणि वाजले मग. नानांनी ते कानातून काढून परत दिलं. ‘ह्यो टाळकरी आपल्या गावात टिकायचा न्हाई.’

पण वायरीच्या बाजूनं नानांचा खरा पुरावा वेगळाच आहे. आकाशवाणीचं नगर केंद्र मोबाइलवर लागतं ते वायर खुपसली तरच, वायर काढली की केंद्र गप्प. कारण साधं आहे. एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांब असते आणि तिला धरायला हात-दोन हात तार लागते. ती मोबाइलच्या पोटात मावत नाही, म्हणून मोबाइल हेडफोनची वायरच अँटेना म्हणून वापरतो. मुलानं हे सांगितलं तेव्हा नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हंजी सरकार वायरीच्या बाजूनं हाये.’

तरीही पाडव्याला मुलानं ब्लूटूथ आणलंच. गळ्यात घालायचं नव्हे, सुटं. छोट्या डबीत दोन बोंडं. डबी उघडली की दिवा लागायचा. नानी म्हणाल्या, कुंकवाला बरी आहे. नानांनी मुलाचं मन राखायचं म्हणून ते वापरायला घेतलं आणि पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात नेप्तीच्या बाजारातून आडत्याचा फोन आला. ‘नाना, आज एक नंबर मालाला...’ आणि तेवढ्यात कानात एक बाई इंग्रजीत म्हणाली, ‘बॅटरी लो.’ पुढं शांतता. भाव कळला नाही. नाना त्या बाईवर अजून नाराज आहेत. बाजारभाव सांगताना मधी बोलायची रीत कुठल्या गावात आहे?

मग आली कांद्याची काढणी. चाळ भरायचं काम चालू होतं, बाया पाट्या आणून ओतत होत्या, नाना कानात बोंडं घालून, हरिपाठ ऐकत, ढिगावर वाकून कांदा सारखा करत होते. उजवं बोंड निसटलं आणि ढिगात गेलं. मोबाइलनं ते कबूलच केलं नाही. तो म्हणत होता, दोन्ही बोंडं जोडलेली आहेत, चार्जिंग भरपूर आहे. नानांनी आवाज पूर्ण मोठा केला, सगळ्यांना हात करून थांबवलं. बाया पाट्या डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. सगळा गडीमाणूस कांद्याला कान लावून बसला. खरंच, आतून कुठून तरी अगदी बारीक टाळ ऐकू येत होता. इकडं म्हणावं तर तिकडं, तिकडं उपसावं तर आणखी खाली. माणसं उपसत गेली तसं बोंड घरंगळत गेलं आणि एका क्षणी मोबाइलनंही हात टेकले. त्यालाही कारण आहे. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ हिस्से पाणी आणि ब्लूटूथच्या लहरींना पाण्याचं वावडं. कांद्याच्या जाड थरातून त्या निभत नाहीत. नानांचा निकाल याहून थोडक्यात होता: ‘कांद्यानं गिळलं.’

मुलानं फोनवर विचारलं, ‘दुसरं आहे ना? एकच घाला.’ नाना म्हणाले, ‘एकाच कानानं ऐकायचं तर वायर काय वाईट होती?’ याला कंपनीतल्या मुलाकडं उत्तर नव्हतं.

बोंड सापडलं भाद्रपदात, चाळ फोडली तेव्हा. पुसून डबीत ठेवलं तर चक्क दिवा लागला. वाजलंही. पण कानात घातलं की डोळ्यांत पाणी यायचं. नाना म्हणतात, ते वासानं नव्हे, त्या साली कांद्याला मिळालेल्या भावानं.

शनिशिंगणापूरला घरांना दारं नसतात हे नानांचं त्या काळातलं आवडतं उदाहरण. तिथं दार नाही तरी वस्तू जागेवर, आणि या डबीला झाकण असून बोंडं बाहेर.

पुढं नानांचा मोबाइल म्हातारा झाला आणि मुलानं आपला जुना त्यांना दिला. त्याला वायरीचं भोकच नव्हतं. नानांनी चारी बाजूंनी बोट फिरवून बघितलं. साडेतीन मिलिमीटरचं हे भोक तसं खानदानी आहे. त्याच्या पिनेची थोरली बहीण एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्सचेंजमध्ये माणसांना माणसं जोडून देत होती. सप्टेंबर 2016मध्ये अॅपलनं आयफोन 7 आणला तेव्हा त्यातून हे भोक काढून टाकलं आणि व्यासपीठावरून त्या कृत्याला धाडस म्हटलं. पुढं बऱ्याच कंपन्यांनी तेच धाडस केलं. मुलानं ही हकिकत सांगितली तेव्हा नानांनी डोळे बारीक केले. ‘एक भोक बुजवलं म्हणून धाडस? मग ती माणसं नगर-मनमाड रोडवर पाठवा की!’

या मोबाइलसोबत मुलानं बाहेरचा आवाज मारणाऱ्या हेडफोनची जाहिरातही दाखवली. त्यातला छोटा माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि यंत्र त्याच्या नेमकी उलटी लहर तयार करतं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, कानात शांतता. नाना म्हणाले, आमच्या ग्रामसभेत हे आधीपासून आहे. एक उठून बोलतो, दुसरा उठून नेमकं उलटं बोलतो, बेरीज शून्य. पण मनातून त्यांना ती जाहिरात भयंकर वाटली. बाहेरचं ऐकू न येण्याला लोक जादा पैसे मोजतात? मग मोटर चालू झालेली कशी कळणार? गायीचं हंबरणं? वाट्याचं पाणी फुटलं म्हणून शेजारी बांधावरून हाक मारतो ती?

इथं नानांचं तत्त्वज्ञान आहे, त्यांनी ते कधी मांडलेलं नाही. एक कान करमणुकीला, एक कान रानाला. मेलेलं डावं बोंड कामाला येतं ते असं.

नानांच्या पुतण्याचं तसं नाही. त्याच्या गळ्यात ब्लूटूथचा पट्टा असतो आणि तो झोपेतही निघत नाही अशी वदंता आहे. हळदीला पट्टा, सोसायटीच्या मतदानाला पट्टा, बैलपोळ्याला बैलाच्या गळ्यात नवी घंटा आणि याच्या गळ्यात नवा पट्टा. नगरजवळच्या अरणगावात मेहेरबाबांनी 10 जुलै 1925ला मौन धरलं आणि 1969 साली देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही. त्याच जिल्ह्यात हा पोरगा रस्त्यानं एकटाच हातवारे करत बोलत चाललेला असतो. परवा तो पारापाशी थांबून म्हणाला, ‘काय मग, कधी देणार पैसे?’ पारावरचे तिघं जण उठून गेले. तो बोलत होता ट्रॅक्टरवाल्याशी.

पट्ट्याची खरी कमाल दिसली प्रवरासंगमला, एका दहाव्याच्या वेळी. आपल्याकडं दहावा म्हटलं की प्रवचन आलं, आणि प्रवचनानंतर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. त्या प्रवचनाहून लांबतात. नानांनी घाटावर उतरताच वायर काढून खिशात घातली, कारण वायर दिसते. कानात वायर असलेला माणूस ऐकत नाही हे लांबूनही कळतं. पुतण्यानं मात्र टोपी कानावर ओढून घेतली आणि शेवटपर्यंत क्रिकेट ऐकलं. चेहरा इतका गंभीर की एका माजी सभापतींनी भाषणात त्याच्याकडं बघून आवंढा गिळला. मग विकेट पडली आणि पोरानं डोळे घट्ट मिटून मान खाली घातली. दुःखी घरातल्या माणसांनी नंतर त्याचा हात धरून सांत्वन केलं. माझं मत विचाराल तर वायर हे प्रामाणिक माणसाचं लक्षण आहे, पण प्रामाणिक माणसाला शेवटची श्रद्धांजलीसुद्धा ऐकावी लागते.

रात्रीच्या पाण्याला वायर आणि पट्टा, दोन्हींचं शहाणपण संपतं. लाइट रात्रीची, ऊस डोक्याएवढा आणि उसात बिबट्या. राहुरी, संगमनेर, कोपरगाव या पट्ट्यात ही आता बातमी राहिलेली नाही. वनखातं सांगतं, रात्री रानात जाताना हातात काठी-बॅटरी ठेवा, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा. म्हणजे हेडफोन घालून गेलं तर गाणी आपल्याला, आणि बिबट्याला आपण आल्याची वर्दी नाही. पुतण्याला एकदा हे बांधावर पोचल्यावर आठवलं, पण मोबाइल काही पट्टा सोडेना. कुठलं बटण दाबलं तर आवाज बाहेर येईल ते अंधारात सापडेना, म्हणून त्यानं स्वतःच मोठमोठ्यानं गायला सुरुवात केली. वस्तीवरची माणसं काठ्या घेऊन धावली. नाना मात्र उसाच्या कडेला पोचले की खिशातून पिन उपटतात, पुन्हा एकदा बटण दाबतात आणि इंदुरीकर महाराज सगळ्या शिवारात बोलू लागतात. त्या फडातल्या बिबट्याची दोन कीर्तनं तरी पाठ झाली असतील.

नव्या मोबाइलला भोक नाही, यावर नगरच्या पोरानं शेवटी तोड काढली. चार्जिंगच्या जागी खुपसायचा एक तुकडा मिळतो, त्याला पुढं भोक असतं. नाना खूश झाले. मुलालाही बरं वाटलं आणि त्यानं एक चांगली, कंपनीची, महागडी वायर घेऊन दिली. दोन्ही बोंडं खणखणीत. रेडिओपुरता जुना मोबाइलही खिशात राहिला, वायर आलटूनपालटून दोघांना.

इथून घरात बिघडलं. आजवर नानी नानांशी बोलायच्या तेव्हा डाव्या बाजूला येऊन उभ्या राहायच्या. ती रिकाम्या कानाची बाजू होती हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण लग्नकार्यातसुद्धा त्या डावीकडंच बसायच्या. आता डावीकडून बोललं तरी नाना बोटानं कान दाखवून हसायचे. दूध उतू गेलं, गॅसवाला परत गेला, व्याहीबुवा दारात पाच मिनिटं उभे होते. नाना दोन्ही कानांनी तल्लीन.

पंधरा दिवसांत डावं बोंड गेलं. नानांनी वायर उन्हात धरून मला दाखवली. बोंडाच्या बुडाशी तार तुटली होती, अगदी सरळ, एका रेषेत.

‘उंदीर,’ नाना म्हणाले.

ओट्यावर नानी चोळीचं कापड बेतत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि आमच्याकडं न बघता विचारलं, ‘चहा टाकू का?’

‘टाक,’ नाना म्हणाले. त्यांना पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. मग माझ्याकडं वळून, आवाज उतरवून म्हणाले, ‘मांजर पाळावी म्हंतो.’