डावीकडे बघ, आता उजवीकडे

नाशिकरोडच्या जेलरोडवर राहणाऱ्या आमच्या काकांना एका वेळी एकच व्हिडिओ बघणं म्हणजे वेळेची नासाडी वाटते. सगळी नोकरी नोट प्रेसमध्ये, तीही तपासणीत. ताडून बघायची सवय निवृत्तीनंतर जाणार कुठे? शारजातली 22 एप्रिल 1998 ची सचिनची 143 धावांची खेळी डावीकडे, 24 तारखेची 134 ची उजवीकडे. "याचा पाय बघ. आता इकडचा बघ. जुळतोय का?" चुकून 'हो' म्हणालात तर काका दुखावतात. फरक निघाल्याशिवाय त्यांना चैन नाही.

खरा सामना मात्र त्याआधीच रंगतो: दोन व्हिडिओ शेजारी-शेजारी लावायचे कशावर? काका वेब ॲपच्या पंथाचे. साइट उघडायची, दोन लिंका चिकटवायच्या, एकाच बटणावर दोन्ही सुरू. काही बसवायला नको, टॅबलेटवरही चालतं. पण व्हिडिओच्या मालकाने बाहेरच्या साइटवर दाखवायला बंदी घातली असली, की एक चौकट काळी ठिक्कर! त्यांचे देवळालीगावचे साडू ब्राउझरच्या एक्स्टेंशनवाले. त्यांचा व्हिडिओ मूळ पानावरच चालतो, म्हणून ही बंदी आड येत नाही.

"पण सगळ्या साइटवरची तुमची माहिती वाचायची आणि बदलायची परवानगी मागतंय ते!" काका स्क्रीनवर बोट ठोकतात. "मीटर बघायला आलेल्याला कपाटाची किल्ली देतोस का तू?" ब्राउझर अपडेट होऊन साडूंचं एक्स्टेंशन बंद पडलं, तेव्हा काका कोंडाजीचा चिवडा घेऊन गेले. म्हणे, सांत्वनाला.

सध्या डोक्यात त्र्यंबकच्या फाळक्यांचा 1917 चा 'लंकादहन' आहे. अण्णा साळुंके त्यात रामही झाले आणि सीताही. राम डावीकडे, सीता उजवीकडे! सिनेमाचे थोडेच तुकडे उरलेत आणि त्यात राम आहे का, ही चौकशी काकांच्या लेखी क्षुल्लक.

काकूंनी नातवाकडून शिकून घेतलंय: विंडोजचं बटण दाबून डावा बाण, मग दुसऱ्या खिडकीला उजवा. ना ॲप, ना एक्स्टेंशन. "ते ठीक गं," काका म्हणतात, "पण दोन्ही एकदम सुरू कसे करणार?" प्रश्न बिनतोड आहे, मानावंच लागतं.

परवा सगळं जुळून आलं आणि दोन्हीकडे जाहिरात लागली.

"अहो, एकच तर जाहिरात आहे दोन्हीकडे," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा वर केला. "छे! उजवीकडची दोन सेकंद मागे आहे."